हौद्याचं लायनर आणि रात्रीचा खोकला: स्प्रे रंगकामातला दमा वेळेत ओळखा

रात्री अडीच-तीनच्या सुमारास खोकल्याची उबळ येते. उठून बसावं लागतं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, पहाटे कुठे डोळा लागतो. सकाळी माणूस ठीक असतो, डबा घेऊन कामावर जातो. रविवारी रात्री मात्र शांत झोप. गणपतीला दहा दिवस गावी गेला तर खोकल्याचं नावही नाही, आणि परत येऊन कामावर रुजू झाला की दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच.

अशा माणसाच्या घरचे सहसा म्हणतात, इथली हवा लागली. जवळचे डॉक्टर खोकल्याचं औषध देतात. महिनाभराने छातीचा एक्स-रे होतो, टीबीसाठी थुंकी तपासली जाते, दोन्हींत काही सापडत नाही. मग ‘ॲलर्जीचा खोकला’ असा शिक्का बसतो. या सगळ्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: तुम्ही नेमकं काम काय करता?

पावणे, तुर्भे, महापे, रबाळे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात हा प्रश्न प्रत्येक खोकणाऱ्या तरुणाला विचारायला हवा. इथे एमआयडीसीचे कारखाने आहेत, एपीएमसी बाजारात माल नेणारे-आणणारे पिकअप आणि टेम्पो आहेत, आणि त्या गाड्यांची डेंटिंग-पेंटिंग करणारी छोटी गॅरेजं आहेत. अशा गॅरेजांत दोन भाग मिसळून मारायचे पॉलीयुरेथेन रंग, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘पीयू’ किंवा ‘टू-के’, सर्रास वापरले जातात. त्यातलाच एक प्रकार म्हणजे हौद्याचं लायनर. पिकअपच्या मालवाहू हौद्याला गंज लागू नये, लोखंडी सामान घासून पत्रा उघडा पडू नये म्हणून खरखरीत, रबरासारखा जाड थर मारतात, तो हा. आता हौशी जीपवाले तो पूर्ण गाडीलाही मारून घेतात. त्याचे किट ऑनलाइन मिळतात. सोबत बाटल्या, हार्डनर आणि स्वस्तातली स्प्रे गन येते. आपल्याला हवा तो रंग मिसळायचा, कॉम्प्रेसर जोडायचा, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येही दुपारभरात काम उरकतं. ‘स्वतः करा’ असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या तोंडाला साधा धुळीचा मास्क असतो, काहींच्या तोही नसतो.

हे लायनर वाईट उत्पादन आहे, असं माझं म्हणणं नाही. वाळल्यावर ते उत्तम काम करतं. धोका आहे तो ते मारतानाच्या एका तासात, आणि त्या धोक्याची दखल घेणारी व्यवस्था छोट्या गॅरेजापर्यंत पोचत नाही. म्हणून ती दखल घरच्यांनाच घ्यावी लागते.

हार्डनरच्या बाटलीत काय असतं

किटमध्ये दोन भाग असतात. मोठ्या बाटलीत रेझिन, लहान डब्यात हार्डनर. साधारण तीन भाग रेझिनला एक भाग हार्डनर असं मिश्रण करतात. नुसतं रेझिन दिवसभर उघडं ठेवलं तरी हवं तसं घट्ट होणार नाही. हार्डनरमधला आयसोसायनेट नावाचा घटक रेझिनला सांधतो आणि त्यातून तो चिवट थर तयार होतो. हाच आयसोसायनेट फुप्फुसाच्या अस्तरातल्या प्रथिनांनाही चिकटतो. काही जणांच्या शरीराला ती बदललेली प्रथिनं परकी वाटू लागतात आणि रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध उभी राहते. वैद्यकात याला संवेदनशील होणं म्हणतात.

आयसोसायनेट हा शब्द ऐकला की भोपाळ आठवतं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथे सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. तो सहज वाफ होऊन पसरणारा, फार जहाल पदार्थ होता. गाडीच्या रंगातला आयसोसायनेट त्याच कुळातला असला तरी वेगळा आहे. त्याचा रेणू जड असतो आणि डबा उघडल्यावर त्याची फारशी वाफ होत नाही. त्यामुळे गॅरेजात भोपाळ होईल या भीतीचं कारण नाही. पण जो पदार्थ आपणहून हवेत जात नाही, त्याला स्प्रे गन हवेत नेते. दाबाखालच्या हवेने त्याचे सूक्ष्म थेंब होतात, ते श्वासाबरोबर थेट खाली फुप्फुसात उतरतात. तोच डबा ब्रशने किंवा रोलरने लावला तर धोका पुष्कळ कमी होतो. रसायन तेच, पण ते हवेत कसं जातं यावर सगळं अवलंबून आहे.

ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा कार्यकारी मंडळाने वाहनांच्या रंगकामाचा याच दृष्टीने बराच अभ्यास केला आहे. त्यांच्या मते गाड्यांना स्प्रे मारणाऱ्या रंगाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर लोकांच्या तुलनेत सुमारे ८० पट आहे. तिथे कामाच्या जागी एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ०.०२ मिलिग्रॅम आयसोसायनेट चालतं, आणि तेही आठ तासांच्या सरासरीने. छोट्या बंद शेडमध्ये गन सुरू केली की ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

वास फसवतो

इथे कारागिरांचा आणि हौशी मंडळींचा एक पक्का समज आड येतो. वास जास्त म्हणजे धोका जास्त, वास गेला म्हणजे धोका गेला, असं त्यांना वाटतं. रंगकामात जो झोंबणारा वास येतो तो थिनरचा, म्हणजे झायलीनसारख्या द्रावकांचा. त्याने डोकं दुखतं, गरगरतं; तोही चांगला नाहीच. पण आयसोसायनेटचा वास जेव्हा जाणवतो तेव्हा सुरक्षित मर्यादा कधीच ओलांडलेली असते. नाकाला काही कळत नाही आणि छातीत मात्र पोचलेलं असतं.

धुक्याचंही तसंच. गन थांबवली की दोन मिनिटांत हवा स्वच्छ दिसते. दिसणारे मोठे थेंब खाली बसलेले असतात, न दिसणारे बारीक थेंब बराच वेळ तरंगत राहतात. नेमक्या याच वेळी रंगारी मास्क खाली ओढून थर कसा बसला ते जवळून पाहतो. हेल्पर चहा घेऊन येतो. पार्किंगमध्ये काम चाललं असेल तर मुलं बघायला जमतात.

रंग मिसळण्याच्या टप्प्याबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे सगळेच निष्काळजी असतात. लायनरला हवा तो रंग देण्यासाठी रेझिनमध्ये टिंट मिसळतात, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. हे हार्डनर घालण्याआधी करायचं असतं. त्या वेळी आयसोसायनेट नसतो, त्यामुळे तेवढा भाग तुलनेने कमी धोक्याचा. पण प्रत्यक्षात रंग मनासारखा आला नाही की हार्डनर घातल्यावर पुन्हा टिंट ओततात, झाकण लावून जोरात हलवतात, उघड्या हाताने बोटावर घेऊन शेड बघतात. त्वचेवर पडलेला हार्डनर नुसती खाज आणून थांबत नाही. वारंवार त्वचेवाटे संपर्क आला तर त्यातूनही शरीर संवेदनशील होऊ शकतं आणि पुढे श्वासातल्या थोड्या मात्रेलाही छाती प्रतिसाद देऊ लागते, असं मानायला चांगला आधार आहे. हातमोजे त्यासाठी. नायट्राइलचे घ्या आणि काम झालं की टाकून द्या.

टिंटच्या रंगद्रव्याचा प्रश्न वेगळा आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. वाहनांचे आणि औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत येत नाहीत. पिवळ्या, नारिंगी छटांसाठी शिशाची क्रोमेट संयुगं फार पूर्वीपासून वापरात आहेत. तेव्हा लेबलवर ‘शिसेविरहित’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सुट्या डब्यातला पिवळा टिंट घरी आणू नका, आणि असा जुना रंग कोरडा घासू नका.

अजून एक गोष्ट, पावसाळ्यात विशेष महत्त्वाची. हार्डनर पाण्याशी अभिक्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. ओल लागलेला किंवा मिश्रण उरलेला डबा घट्ट बंद करून ठेवला तर तो फुगतो, फुटूही शकतो. बाल्कनीत, जिन्याखाली असे डबे ठेवू नयेत.

मिशिगनमधला मृत्यू

‘दमा होईल, फार तर पंप घ्यावा लागेल’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक नोंदलेली घटना सांगतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ४५ वर्षांचा एक कामगार मालवाहू व्हॅनच्या आतल्या बाजूला हेच, हौद्याचं लायनर मारत होता. त्यानंतर त्याला दम्याचा तीव्र झटका आला आणि त्यातच तो गेला. तिथल्या डॉक्टरांनी ही घटना वैद्यकीय नियतकालिकात मांडली, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने खास लायनर मारणाऱ्यांसाठी इशारा प्रसिद्ध केला. एवढ्या छोट्या धंद्यासाठी स्वतंत्र इशारा काढावा लागला, यातच काय ते आलं. त्या धंद्यात गरम करून मोठ्या यंत्राने मारायचं लायनर असतं, त्यात एमडीआय नावाचा आयसोसायनेट वापरतात. आपल्याकडे मिळणाऱ्या किटमध्ये बहुधा एचडीआय गटातला असतो. छातीच्या दृष्टीने दोन्ही एकाच माळेचे मणी.

व्हॅनच्या आत, ही गोष्ट लक्षात ठेवा. बंद टेम्पोचा आतला भाग, पत्र्याचा कंटेनर, तळघरातलं पार्किंग अशा जागी हवा खेळत नाही आणि मारणारा माणूस स्वतःच्याच धुक्यात उभा असतो. उघड्या हौद्याला भर वाऱ्यात मारणं आणि बंद व्हॅनमध्ये मारणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आजाराचा एक चकवा असा की तो पहिल्या दिवशी दिसत नाही. काही आठवडे, काही महिने, कधी काही वर्षं माणूस बिनधास्त स्प्रे मारतो. ‘मला काही होत नाही’ हा विश्वास याच काळात पक्का होतो. शरीर संवेदनशील झालं की मग थोडीशी मात्राही पुरते. शेजारच्या गाळ्यात कोणी गन चालवली तरी धाप लागते. आणि त्रास बऱ्याचदा लगेच होत नाही, कामानंतर चार ते आठ तासांनी होतो. म्हणजे संध्याकाळी किंवा मध्यरात्री, घरी. म्हणूनच तो कामाशी जोडला जात नाही.

नवा कायदा आणि सहा माणसांचं गॅरेज

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा घेतली. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती पगार, ग्रॅच्युइटी आणि कामाच्या तासांची. आरोग्याचा भाग मागे पडला, म्हणून तो इथे थोडा उलगडतो.

चांगली गोष्ट आधी. आयसोसायनेटची विषबाधा हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत जुन्या कायद्यातही होता आणि नव्या संहितेतही आहे. असा रुग्ण सापडला तर मालकाने कळवायचं असतं आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही. दुसरं, चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी मिळेल, असं केंद्र सरकारने जाहीर केलं आहे.

आता हे गॅरेजात लावून पाहा. संहितेप्रमाणे वीज वापरणारा कारखाना म्हणजे जिथे २० किंवा अधिक कामगार आहेत तो. कारखाने अधिनियमात हा आकडा १० होता. महाराष्ट्राने तो २०१५ च्या दुरुस्तीनेच २० वर नेला होता, त्यामुळे पावण्यात याने फार काही बदललं नाही. छोटं गॅरेज आधीही बाहेर होतं, आताही बाहेर आहे. संहितेच्या बहुतेक तरतुदी किमान १० कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात. रंगकामाच्या गाळ्यात असतात पाच-सहा माणसं, त्यांतला एखादा मालकाचा पुतण्या. जीवाला धोका असलेलं काम चालतं तिथे एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. आयसोसायनेटचं स्प्रेकाम या अधिकारात आणावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कामगार मोजून या धोक्याचा अंदाज येत नाही. उलट गाळा जितका लहान तितकी हवा कमी.

चाळिशीनंतरच्या तपासणीचंही तसंच. मधुमेह, रक्तदाब पकडायला ती उपयोगी आहे. पण स्प्रे मारणारी मुलं विशी-तिशीतली असतात आणि हा दमा कामाच्या सुरुवातीच्या काही वर्षांतच अनेकांना गाठतो. चाळिशीपर्यंत वाट पाहिली तर तोवर एकतर त्याने धंदा सोडलेला असतो किंवा फुप्फुसाचं कायमचं नुकसान झालेलं असतं.

युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. २४ ऑगस्ट २०२३ पासून तिथे ०.१ टक्क्याहून जास्त डायआयसोसायनेट असलेलं उत्पादन कामासाठी वापरणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण बंधनकारक आहे. कामगार एक असो की हजार. नियम कामगारसंख्येला न बांधता डब्याला बांधला. आपल्याकडे हे आणणं अवघड नाही. डबा विकताना मराठी-हिंदीत एक पानभर सूचना आणि दुकानदाराकडे योग्य मास्क असणं, एवढ्यानेही सुरुवात होईल. हौशी ग्राहकाचं काय, हा प्रश्न मात्र युरोपातही पूर्ण सुटलेला नाही, कारण प्रशिक्षणाची अट तिथेही कामासाठी वापरणाऱ्यांनाच आहे.

मे २०२२ मध्ये पावण्याच्या एमआयडीसीत मोठी आग लागली तेव्हा धूर लांबून दिसत होता आणि सगळ्या वाहिन्या तिथे होत्या. आगीची बातमी होते, चौकशी होते. एकेका गाळ्यातला एकेक मुलगा दमेकरी होतो त्याची नोंद कुठेही होत नाही, कारण त्याच्या केसपेपरवर नुसतं ‘दमा’ लिहिलेलं असतं.

निदान कसं करतात

सगळ्यात मोठी तपासणी फुकट आहे, ती म्हणजे हकिकत. त्रास कधी सुरू झाला, काम कधी सुरू केलं, सुटीत बरं वाटतं का, रात्री वाढतो का. ‘सुटीत बरं वाटतं’ हे उत्तर आलं की व्यावसायिक दम्याचा संशय धरायचा. नाक गळणं, डोळे चुरचुरणं हे कधी कधी दम्याच्या आधी काही महिने सुरू होतं, तेही सांगा.

एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, सुटीच्या दिवशी केली तर तीही चांगली येऊ शकते. रक्तातली आयसोसायनेटविरोधी प्रतिपिंडं अनेक रुग्णांत सापडतच नाहीत, त्यामुळे ती चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही. खरा उपयोग होतो तो पीक फ्लो मीटरचा. प्लॅस्टिकची नळी असलेलं हे छोटं, स्वस्त साधन केमिस्टकडे मिळतं. दिवसातून किमान चार वेळा फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा, असं चार आठवडे, कामाचे दिवस आणि सुट्या दोन्ही धरून. दर वेळी तीनदा फुंकून त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्या, आणि शेजारी लिहा: आज स्प्रे मारला की नाही. कामाच्या दिवशी आकडे खाली, सुटीत वर, असा दातेरी आलेख दिसला तर डॉक्टरांच्या हातात पुरावा येतो. ही वही घरातल्या कोणीतरी सांभाळली तर जास्त नीट राहते, असा माझा अनुभव आहे.

फक्त निदान होण्याआधी घाईने काम सोडू नका. काम सुटल्यावर आलेख काढता येत नाही आणि पुढे भरपाईचा दावा करणं अवघड जातं. याला अपवाद एकच: झटके तीव्र असतील, बोलताना धाप लागत असेल, तर त्याच दिवशी स्प्रेपासून दूर व्हायचं. वही नंतर.

ताप, अंगदुखी, थंडी आणि खोकला असं फ्लूसारखं चित्र कामानंतर काही तासांनी वारंवार येत असेल तर तोही आयसोसायनेटचाच, पण वेगळा आजार असू शकतो. त्यात श्वासनलिकांऐवजी फुप्फुसाच्या आतल्या पेशीजालाला सूज येते. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

उपचार, आणि त्यातला अवघड भाग

औषधं नेहमीच्या दम्याचीच. श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड नियमित आणि नळी मोकळी करणारा पंप. पंपाची सवय लागते हा गैरसमज सोडा. पण एक गोष्ट कठोर वाटली तरी सांगतो: पंप घेऊन स्प्रे मारत राहणं हा उपचार नव्हे. पंपाने त्रास झाकला जातो आणि आतलं नुकसान सुरू राहतं. आयसोसायनेटचा दमा ठरला की त्या हवेतून बाहेर पडणं हाच मुख्य उपाय आहे आणि जितक्या लवकर बाहेर पडाल तितकी बरं होण्याची शक्यता जास्त. उशीर झालेल्यांपैकी अनेकांचा त्रास काम सोडल्यावरही राहतो.

घर चालवणाऱ्या माणसाला हे सांगताना डॉक्टरलाही जड जातं. हातात असलेली कला सोडायची म्हणजे पुन्हा हेल्परच्या पगारावर जायचं. त्याच गॅरेजात डेंटिंग करेन, असं बरेच जण म्हणतात. शेड एकच असेल तर त्याचा उपयोग होत नाही. वेगळी शेड, वेगळी वेळ हवी. वेल्डिंगही जपून. लायनर मारलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की उष्णतेने पॉलीयुरेथेन तुटून आयसोसायनेट पुन्हा हवेत येतो. आधी त्या जागेचा थर काढून टाकायला हवा, आणि तो काढणाराही दुसरा कोणी हवा.

ईएसआयचं कार्ड असेल तर ते वापरा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ते मिळतं, आणि व्यावसायिक आजार ही कामावरची इजा धरली जाते. वाशीत कामगार विमा रुग्णालय आहे. केसपेपरवर फक्त ‘ब्रॉन्कियल अस्थमा’ न लिहिता व्यवसाय आणि संशयित रसायन लिहून घ्या, कारण पुढे सगळं त्या एका ओळीवर ठरतं. कार्ड नसेल तर वाशीच्या महापालिका रुग्णालयात छातीची तपासणी होते.

मारायचंच असेल तर

घरी स्वतः लायनर मारणाऱ्यांना माझा पहिला सल्ला: स्प्रे नको, रोलर घ्या. हौद्याला थोडा खरखरीत पोत आला तर बिघडत नाही. माल वाहायचा असेल तर जाड रबरी मॅट टाकली तरी पत्रा वाचतो आणि त्यात कोणाच्याच छातीचा प्रश्न येत नाही.

स्प्रेच मारायचा असेल तर कापडी, सर्जिकल किंवा एन-९५ मास्क पुरत नाही. एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. कार्बनच्या डब्या असलेला अर्धा मास्क त्याहून बरा, पण डबी संपली हे वासावरून कळत नाही आणि दाढी असेल तर कडेने हवा आत येते. योग्य साधन म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा पूर्ण चेहऱ्याचा मास्क. ती हवाही स्प्रे गनच्या तेलकट कॉम्प्रेसरमधून परस्पर घ्यायची नाही, ती श्वासासाठी योग्य असेल अशा गाळणीतून यायला हवी. हे सगळं एका हौद्यासाठी विकत घेणं परवडत नाही, हे उघड आहे. मग नीट स्प्रे बूथ आणि हवापुरवठ्याचे मास्क असलेल्या ठिकाणीच गाडी द्या आणि देण्याआधी ते डोळ्यांनी बघा. ज्याच्याकडे रंगारी रुमाल बांधून स्प्रे मारतो तिथे दोन हजार वाचतील, पण ते त्या मुलाच्या छातीतून वाचलेले असतात.

ज्यांना आधीपासून दमा आहे त्यांनी हे काम स्वतः करू नये. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर कोणीच करू नये. वरच्या मजल्यावर दमेकरी मूल आहे की नाही हे आपल्याला माहीत नसतं.

पूर्ण वाळलेल्या लायनरची भीती बाळगू नका. त्यात आयसोसायनेट बांधला गेलेला असतो. अशा गाडीतून मुलांना नेण्यात, हौद्यात भाजी वाहण्यात धोका नाही. किती तासांनी पूर्ण वाळतं ते किटवर लिहिलेलं असतं; हात लावून कोरडं वाटणं म्हणजे पूर्ण वाळणं नव्हे. कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा. हार्डनर डोळ्यात उडाला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन मग डॉक्टरकडे. त्वचेवर पडला तर थिनरने पुसू नका, साबण-पाण्याने लगेच धुवा.

स्प्रेनंतर त्याच रात्री धाप वाढत गेली, पंप दोन-तीनदा घेऊनही उतार नाही, ओठ निळसर दिसू लागले किंवा माणूस एक वाक्य पूर्ण बोलू शकत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: यांनी आज पीयू स्प्रे मारला आहे. हार्डनरच्या डब्याचा, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांसकट, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलेला असेल तर तोही दाखवा.